नामं आहेतच, क्रियापदं द्या: चित्रकला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना

"सर, बॅकग्राउंडला फ्लॅट वॉश मारलाय, फोरग्राउंड डार्क केलंय, हायलाइट पेपरच्याच ठेवल्यात, फक्त फिगरचं प्रपोर्शन बसंना."

बीएफए, म्हणजे चित्रकला-डिझाइनच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाचा कुठलाही मुलगा आपल्या चित्राच्या बोर्डासमोर उभा राहून असं बोलतो. या वाक्यात इंग्रजी किती आणि मराठी किती, बघा. बॅकग्राउंड, फ्लॅट वॉश, फोरग्राउंड, डार्क, हायलाइट, पेपर, फिगर, प्रपोर्शन. वस्तू आणि गुण दाखवणारे शब्द जवळजवळ सगळे इंग्रजी. मराठीत उरतात ती क्रियापदं आणि प्रत्यय. तोच मुलगा इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसून सांगतो, "मला इंग्रजी जमत नाही." आणि आपण त्याला पुन्हा पाचवीपासूनचं व्याकरण शिकवायला घेतो.

त्याला शब्दसंग्रह नको आहे, तो शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांपासून गोळा होत आलाय. त्याला हवी आहेत ती चाळीसएक क्रियापदं आणि ती वापरायला वाक्याचे पाचसहा साचे. खाली दिलेली पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. ती मराठवाड्यातल्या वर्गासाठी आहे. म्हणजे हिंगोली-बीडच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेली मुलं, संभाजीनगर शहरातल्या उर्दू माध्यमाची मुलं, तांड्यावरून आलेली एखाददुसरी मुलगी आणि फाडफाड इंग्रजी बोलणारे दोनतीन जण, सगळे एकाच खोलीत. इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत, फळ्यावर तुम्ही ती अर्थातच रोमनमध्ये लिहाल.

तास सुरू होण्याआधी स्टुडिओत जाऊन या

वही घेऊन एकदोन दुपारी स्टुडिओत बसा. ड्रॉइंगचे सर मुलांना काय विचारतात, असाइनमेंटचा कागद कसा लिहिलेला असतो, गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात चित्रांखाली काय चिकटवलं होतं, ते उतरवून घ्या. बाहेरचे परीक्षक जूरीला, म्हणजे मुलांचं काम बघून प्रश्न विचारायला, येतात तेव्हा कोणते प्रश्न हमखास येतात, हे शिपायालासुद्धा पाठ असतं, त्यालाही विचारा. आपला अभ्यासक्रम या वहीतून निघतो. 'कम्युनिकेशन स्किल्स' नावाच्या तयार पुस्तकात हॉटेलात खोली कशी बुक करावी ते असतं, आपल्या मुलांना त्याचा उपयोग शून्य.

मुलांना पुढे इंग्रजी कुठे लागणार तेही लिहून ठेवा. जूरीत लागतं. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या पॅकेजिंगवाल्याकडून आलेलं काम समजून घ्यायला लागतं. पुण्या-मुंबईच्या एजन्सीत इंटर्नशिपची मुलाखत द्यायची, तर तिथेही. आणि ज्याला एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करायचं आहे, त्याला आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा इंग्रजीतच द्यावी लागते.

आता वेळेचा हिशेब. भाषेचा दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास. मी ते साधारण असे वाटतो: बघणं आणि वर्णन ८, प्रक्रिया सांगणं ६, कारण देणं आणि जूरी ८, लेखन ६, उरलेले २ चाचणीला. स्वतंत्र व्याकरणाला एकही तास नाही. व्याकरण वाटेत भेटतं तेव्हा शिकवायचं.

पहिली पायरी: क्रियापदांचा कागद

पहिल्याच तासाला प्रत्येकाने आपला एक पूर्ण झालेला बोर्ड आणायचा. जोड्या करा. एकाने आपल्या बोर्डाबद्दल मिनिटभर बोलायचं, मराठीत, उर्दूत, घरी बोलतात तसं. दुसऱ्याने मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. मग दोघांनी ऐकून ते कागदावर उतरवायचं आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची.

कागद गोळा केलेत की लक्षात येतं, सगळा वर्ग तीच ती क्रियापदं वापरतो. वॉश (पातळ रंगाचा हात) मारला. हायलाइट ठेवल्या. रंग पसरला. फिगर उठून दिसते. डोंगर मागे जातात. रेघ निमुळती होत गेली. एकावर एक आलं. ट्रेसिंगवरून उतरवलं. खोडलं. बसत नाही.

याची इंग्रजी जोडी फळ्यावर मुलांकडूनच काढून घ्या, अडेल तिथे तुम्ही द्या. वॉश 'लेड' होतो, 'गेव्ह' नव्हे. हायलाइट 'लेफ्ट' होतात: 'आय लेफ्ट द पेपर व्हाइट.' ओल्या कागदावर रंग पसरला तर 'द कलर ब्लेड'. उठून दिसतं ते 'स्टँड्स आउट', मागे जातं ते 'रिसीड्स', निमुळतं होतं ते 'टेपर्स', एकावर एक येतं ते 'ओव्हरलॅप्स', हळूहळू फिकं होतं ते 'फेड्स'. ट्रेसिंगवरून 'ट्रेस्ड', खोडलं ते 'रब्ड आउट'. आणि 'बसत नाही'ला 'लुक्स ऑफ' किंवा 'डझन्ट वर्क'. हा शेवटचा तुकडा मुलांना इतका आवडतो की आठवडाभर कँटीनच्या चहापासून बसच्या वेळापत्रकापर्यंत सगळंच 'डझन्ट वर्क' होतं. होऊ द्या.

अप्लाइड आर्टच्या, म्हणजे जाहिरात-छपाईची कला शिकणाऱ्या, मुलांच्या यादीत वेगळी भर पडते: क्रॉप, अलाइन, ट्रिम, स्केल डाउन. 'ब्लीड' त्यांना छपाईच्या अंगाने माहीत असतो, कडेबाहेर सोडायचे ते ३ मिलिमीटर. टेक्स्टाइलवाल्यांना रिपीट, मिरर, इंटरलॉक, हाफ-ड्रॉप.

आता काळ. इथे मी दोनच काळ ठेवतो आणि नियम एका ओळीत सांगतो: चित्र जे करतं ते साध्या वर्तमानात, मी जे केलं ते साध्या भूतकाळात. 'द लाइन लीड्स द आय टु द डोअर.' 'आय लेफ्ट द डोअर डार्क.' आपली मुलं सगळीकडे 'आय ॲम युजिंग', 'द लाइन इज गोइंग' लावतात. मराठवाड्यात 'करायलोय', 'चाललीय' हे रूप तोंडात सतत असतं, शिवाय शाळेत 'आय ॲम रीडिंग अ बुक' घोटून घेतलेलं असतं. ते चूक म्हणून खोडत बसण्यापेक्षा प्रत्येक वाक्याला विचारायचं: "हे चित्र करतंय की तू केलंस?" उत्तर मिळालं की काळ आपोआप जागेवर येतो.

शेवटी मूळ मराठी मिनिट इंग्रजीत. स्टिल लाइफच्या बोर्डावर चांगलं निघालेलं मिनिट साधारण असं असतं: 'आय ड्रू अ ब्रास पॉट अँड थ्री अनियन्स. आय लेड अ वॉर्म वॉश फर्स्ट. आय लेफ्ट द पेपर व्हाइट फॉर द हायलाइट. द फोल्ड्स लीड द आय टु द पॉट. द शॅडो अंडर द अनियन्स लुक्स ऑफ.' पाच वाक्यं आहेत. एकही अवघड नाही, पण बोलणाऱ्याचं काम त्यात दिसतं. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे बहुधा अडखळतात, कारण त्यांच्याकडे 'इट इज व्हेरी ब्यूटिफुल'च्या पुढे चित्राबद्दल बोलायची सवय नसते. वर्गातली उतरंड पहिल्याच आठवड्यात थोडी सपाट होते, हा या कागदाचा आडून मिळणारा फायदा.

दुसरी पायरी: बघून बोलणं

चित्र दाखवून 'डिस्क्राइब द पिक्चर' म्हटलं की वर्ग गप्प होतो. त्याऐवजी तीन प्रश्न वापरा. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन यांनी संग्रहालयांतल्या प्रेक्षकांसाठी घडवलेल्या 'व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज' पद्धतीचे ते आहेत: 'व्हॉट्स गोइंग ऑन इन धिस पिक्चर?', 'व्हॉट डू यू सी दॅट मेक्स यू से दॅट?', 'व्हॉट मोर कॅन वी फाइंड?' शिक्षकाने स्वतःचं मत द्यायचं नाही. मूल म्हणेल ते बोटाने चित्रावर दाखवायचं, थोड्या बऱ्या इंग्रजीत पुन्हा म्हणायचं आणि पुढे जायचं. चुकीचं वाक्य दुरुस्त होऊन परत कानावर पडतं आणि कुणाचा पाणउतारा होत नाही.

सुरुवातीचं चित्र म्हणून अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. मुलांनी तो शाळेच्या सहलीत तरी पाहिलेला असतो. पहिला प्रश्न विचारला की "ही इज सॅड" येतं. दुसऱ्या प्रश्नावर खरं इंग्रजी सुरू होतं: 'हिज हेड लीन्स टु वन साइड.' 'हिज आय्ज लुक डाउन.' 'ही होल्ड्स अ लोटस.' 'द फिगर्स अराउंड हिम आर स्मॉलर.' वाक्यागणिक पुरावा. पहिल्यांदा मराठीत उत्तर आलं तरी चालेल. वर्गाने मिळून त्याचं इंग्रजी करायचं.

प्रत्यक्ष लेण्यांत नेता आलं तर उत्तमच. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे सहलीची तारीख ठरवणाऱ्याच्या डोक्यात असू द्या. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, म्हणून मुलांना वहीत स्केच आणि त्याखाली पाच इंग्रजी वाक्यं एवढंच काम द्यावं. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प उभं राहू द्या.

तिसरी पायरी: पाठीला पाठ

हा खेळ सगळ्यांत जास्त शिकवतो, म्हणून जरा सविस्तर.

दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात पैठणीच्या पदराचा छापील फोटो, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्याने इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं. हातवारे बंद, मराठी बंद. मात्र प्रश्न विचारायची मुभा आहे, आणि तीच महत्त्वाची. दहा मिनिटांनी फोटो आणि चित्र शेजारी ठेवायचं.

पहिल्या फेरीत हसून पुरेवाट होते. फोटोत दोन मोर समोरासमोर, चित्रात एकमेकांकडे पाठ करून. कारण सांगणाऱ्याने फक्त 'टू पीकॉक्स आर देअर' म्हटलं. मग फळ्यावर येतं: 'फेसिंग इच अदर', 'बॅक टु बॅक', 'साइड बाय साइड'. फोटोत वेल काठाच्या आत, चित्रात काठाला चिकटलेली. 'इनसाइड द बॉर्डर', 'अलाँग द बॉर्डर', 'टचिंग द बॉर्डर'. शब्दयोगी अव्ययांचा तक्ता पाठ करून जे येत नाही ते इथे येतं, कारण चूक डोळ्यांना दिसते.

दुसऱ्या फेरीला जोड्या बदला, फोटो बदला, एकच नियम वाढवा: आधी मोठं, मग बारीक. कागद उभा की आडवा, मध्ये काय, कडेला काय, मग नक्षी. चित्रं काढणारी मुलं ले-आउट असाच करतात, तेव्हा हा क्रम त्यांना सांगावा लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. तिसऱ्या फेरीला हिमरू या इथल्या विणलेल्या कापडाची नक्षी द्या. तिथे पुनरावृत्ती असते, म्हणून 'रिपीट्स एव्हरी...', 'इन ऑल्टरनेट रोज' अशी वाक्यं लागतात. अप्लाइडवाल्यांना पोस्टर किंवा बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन द्या. बीबी का मकबऱ्याचा समोरचा फोटो मात्र पहिल्या फेरीला नको. सममिती इतकी आहे की 'सेम ऑन द अदर साइड' म्हणून मुलं सुटतात.

चौथी पायरी: कसं केलं ते सांगणं

इथे कर्मणी प्रयोग लागतो आणि तो शिकवायला आपल्या भागात आयतं साहित्य आहे. मी अजिंठ्याच्या नकलांवर स्वतः एक छोटा उतारा बनवून देतो. मजकूर साधारण असा: १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात भित्तिचित्रांच्या नकला करायला घेतल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. 'वेअर कॉपीड', 'वेअर सेंट', 'वेअर डिस्ट्रॉइड': वाक्यरचना तीच ती, पण मुलं एकदाही कंटाळत नाहीत. जे.जे.च्या पोरांनी केलेलं काम दुसऱ्यांदा जळालं हे ऐकल्यावर वर्गात जो हळहळीचा सूर निघतो, तो व्याकरणाच्या कुठल्याही उदाहरणाला मिळणार नाही.

मग मुलांनी स्वतः माहिती आणायची. पैठणला मागावर जा, नाहीतर शहरातच हिमरू विणणाऱ्यांकडे. गावाकडच्या मुलांनी आजीची गोधडी किंवा तांड्यावरचं बंजारा भरतकाम घेतलं तरी तेवढंच चांगलं, किंबहुना जास्त. मुलाखत कारागिराच्या भाषेतच घ्यायची: "काका, हा रंग बदलताना धागा तोडता का?", "मावशी, ही टाक्यांची रांग आधी की आरसा आधी?" उत्तरं वहीत मराठीत किंवा उर्दूत. वर्गात आल्यावर त्याचे आठ टप्पे इंग्रजीत करायचे. उभा धागा 'वॉर्प', आडवा 'वेफ्ट', माग 'लूम', एवढे शब्द दिले की बाकीचं जमतं. पदरावरची नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी धागे मोजत विणतात, ते असं होतं: 'द थ्रेड्स आर काउंटेड. ईच कलर इज वोव्हन फ्रॉम इट्स ओन स्मॉल बॉबिन.'

एक पथ्य आहे. 'मोर', 'मुनिया', 'असावली' ही नक्ष्यांची नावं तशीच ठेवायला सांगा. 'असावली'चं इंग्रजी शोधत बसलं की मूल शब्दकोशात हरवतं. नाव तसंच द्यावं आणि पुढे अर्धं वाक्य खुलाशाचं जोडावं, 'असावली, अ फ्लॉवरिंग व्हाइन'. परदेशी वाचकासाठी लिहिण्याची हीच रीत आहे.

पाचवी पायरी: जूरी

मुलं घाबरतात ती इथेच. जूरीत तीनच प्रकारचे प्रश्न येतात: हे का केलं, हे असं का केलं नाही, आणि हे चुकलंय. प्रत्येकाला एक साचा द्या.

पहिल्याला 'आय चोझ... बिकॉज...'. दुसऱ्याला 'आय ट्राइड... बट...'. 'आय ट्राइड अ सेरिफ टाइपफेस, बट इट वॉज हार्ड टु रीड ॲट स्मॉल साइझ.' तिसऱ्याला दोन वाटा. पटलं तर 'यू आर राइट, द लेफ्ट साइड इज हेवी. आय वुड मूव्ह द टायटल.' पटलं नाही तर 'आय सी युअर पॉइंट, बट आय वॉन्टेड...'. आपल्याकडे मोठ्यांपुढे उलट बोलायचं नाही हे इतकं भिनलेलं असतं की मुलं चूक नसतानाही "येस सर, सॉरी सर" म्हणून मोकळी होतात. हा शेवटचा साचा म्हणून मी जास्त घोटून घेतो, आणि 'सर' शेवटी लावायला हरकत नाही असंही सांगतो. 'आय सी युअर पॉइंट, सर, बट...' आदरही राहतो, मुद्दाही.

सराव करताना परीक्षक मुलांमधूनच नेमा आणि शेवटच्या सरावाला ड्रॉइंगच्या एका सरांना बोलवा. प्रश्न समजला नाही तर काय म्हणायचं तेही शिकवा: 'डू यू मीन द कलर ऑर द लेआउट?' 'पार्डन' म्हणण्यापेक्षा हे फार बरं, कारण समोरचा प्रश्न सोपा करून विचारतो.

उच्चारांवर एखादा तास पुरे. 'कोलाज'चा आघात शेवटी, 'कॉलेज'चा सुरुवातीला. 'मोटीफ'मध्ये जोर 'टीफ'वर. 'स्केच'ला 'इस्केच' म्हणणाऱ्याला 'स' जरा लांबवायला सांगा. बाकी मराठी वळण राहिलं तर राहू द्या, समजतं.

सहावी पायरी: लिहिणं

चित्राखालची पट्टी आधी. नाव, माध्यम, माप, वर्ष. मापात आधी उंची, मग रुंदी. 'ऑइल ऑन कॅनव्हस', 'पोस्टर कलर ऑन कार्ट्रिज पेपर', 'मिक्स्ड मीडिया'. 'ऑन' कुठे येतं आणि 'विथ' का येत नाही, एवढंच बघायचं.

मग शंभर-सव्वाशे शब्दांचं निवेदन. मुलं इथे 'माय आर्ट एक्सप्लोअर्स द इनर जर्नी ऑफ ह्यूमन इमोशन्स' असलं काहीतरी कुठून तरी आणतात. हल्ली ते चॅटजीपीटीकडून येतं. बंदी घालून उपयोग नाही. मी क्रम ठरवून दिलाय: आधी स्वतःच्या तोंडून इंग्रजीत मिनिटभराचं रेकॉर्डिंग, मग ते कागदावर, मग हवं तर यंत्राकडून दुरुस्ती. तिन्ही सोबत जमा करायचं. यंत्राने घातलेलं जे वाक्य मूल बोर्डाकडे बोट दाखवून समजावू शकत नाही, ते कापायचं. बहुतेक वेळा निम्मा मजकूर उडतो आणि उरतो तो चांगला असतो.

ईमेल आणि क्लायंटचा ब्रीफ (काय काम हवं ते सांगणारा कागद) हे दोन तासांत आटपतं. ब्रीफ वाचताना मुलांनी तीन गोष्टींखाली रेघ मारायची: माप, तारीख, आणि क्लायंटला काय नको आहे ते. ईमेल चार ओळींचा, आणि फाइल जोडलेली आहे ना ते पाठवण्याआधी बघायचं.

गुण देताना

एका आठवड्यात दोनच प्रकारच्या चुका धरा, बाकी सोडा. या आठवड्यात काळ आणि 'इन/ऑन', पुढच्या आठवड्यात 'द' आणि अनेकवचन. लाल शाईने भरलेला कागद परत मिळाला की मूल पुढच्या वेळी तीनच वाक्यं लिहितं, आणि तीही पाठ केलेली.

अंतिम चाचणी लेखी असावी असा विद्यापीठाचा आग्रह असेल तर ती घ्या, पण अंतर्गत गुणांचा मोठा वाटा खऱ्या जूरीवर ठेवा. त्या दिवशी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा. ड्रॉइंगचे सर चित्राला गुण देतील, तुम्ही फक्त बघायचं की मुलाने कारण दिलं का, पुरावा दाखवला का, आणि प्रश्न उलटून विचारला का. अस्खलितपणाला मी सगळ्यांत कमी गुण ठेवतो.

वार्षिक प्रदर्शनाच्या पट्ट्या आणि कॅटलॉगचा मजकूर छपाईला जाण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. मुलांनीच एकमेकांच्या पट्ट्या मोठ्याने वाचायच्या आणि मापं प्रत्यक्ष फुटपट्टीने तपासायची. फ्लेक्सवाल्याकडे फाइल गेल्यावर तो स्पेलिंग बघत नाही, आणि उद्घाटनाच्या सकाळी 'वॉटर कलर ऑन पेपर' मधला पेपर 'पीपर' झालेला सगळ्यांत आधी दिसतो तो प्राचार्यांना.